पांढऱ्यावर पांढरं

गुरुवारी सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी ‘तास्रिपान फोटो’चं शटर अर्धंच वर होतं आणि आत मुस्लिका संगणकासमोर बसून नवऱ्याची टोपी शोधत होती.

टोपी समोरच होती, पण सापडत नव्हती. पांढऱ्या भिंतीपुढे पांढरी टोपी, तिच्याखाली पांढरे केस. मागची भिंत आपोआप काढून टाकणारं बटण दाबलं की भिंतीबरोबर टोपी जायची, केस जायचे आणि तास्रिपान थेट भुवयांपासून सुरू व्हायचा.

तो चहाचे दोन ग्लास घेऊन तिच्यामागे येऊन उभा राहिला.

“आज तरी मला डोकं आहे का?”

“परवा नव्हतंच. आज भुवयांपर्यंत आलंय.”

“इतक्या वर्षांत पहिल्यांदा कबूल केलंस, बू, की मला थोडंफार आहे.”

“ग्लास लांब ठेवा, पाक. कीबोर्डवर सांडेल.”

मुलगी बोलायला लागल्यापासून ती दोघं एकमेकांना मुलीच्याच तोंडची हाक मारत आली आहेत, पाक आणि बू, म्हणजे बाबा आणि आई. मुलगी, निकेन, आता बाताम बेटावर इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. हाका तेवढ्या इथे राहिल्या.

जावाच्या उत्तर किनाऱ्यावरच्या रेम्बांग गावातला, बाजारामागच्या गल्लीतला हा स्टुडिओ तास्रिपानच्या वडिलांनी काढला. मुस्लिका त्यात सून म्हणून आली तेव्हा वीस वर्षांची होती. तिचे वडील मिठागरावर राबणारे, त्यामुळे पाण्यात हात घालून उभं राहायची सवय लहानपणापासूनची. सासऱ्यांनी ते हेरलं आणि तिला डार्करूममध्ये फोटो धुवायला लावलं. लाल दिव्याखाली, रसायनाच्या तीन ट्रेंसमोर, तिने आठ-नऊ वर्षं काढली. मग रंगीत फोटोंचं यंत्र आलं, ते चालवायला एक माणूस आला आणि तिला काउंटरवर पाठवलं. मग संगणक आला, तो चालवायला दुसरा माणूस आला आणि ती काउंटरवरच राहिली. डार्करूममध्ये तांदळाची पोती गेली.

काउंटरवरचं काम थोडं नव्हतं. आलेल्याची कॉलर सरळ कर, बायकांचे हिजाब कानाशी नीट बसव, जन्मसाल विचार. ओळखपत्राच्या फोटोला विषम सालच्या माणसामागे लाल रंग लागतो, सम सालच्यामागे निळा. काही जण चुकीचं साल सांगत, कारण त्यांना ते तसंच सांगितलेलं असे. मुस्लिका आधी कार्ड मागून घ्यायची. फोटो छापून आले की ब्लेडने कापायची, पाकिटात घालायची. संगणकासमोरची फिरती खुर्ची तिने हजारदा पुसली असेल. तिच्यावर ती बसली नव्हती.

तीन आठवड्यांपूर्वी फौझान गेला. हा इथला शेवटचा ऑपरेटर. सेमारांगच्या एका लग्नाच्या स्टुडिओने त्याला बोलावलं, त्याने निरोपाला तळलेल्या केळ्यांचा डबा आणला, मुस्लिकाच्या हाताला कपाळ टेकवलं आणि आपला लॅपटॉप घेऊन गेला. लॅपटॉपमध्ये फोटो सुधारण्याचा त्याचा प्रोग्राम होता, महिन्याच्या वर्गणीचा, त्याच्या नावावरचा. मागे राहिला दुकानाचा जुना संगणक, प्रिंटर आणि रिकामी खुर्ची.

तास्रिपान म्हणाला, नवीन माणूस मिळेपर्यंत बंद ठेवू. मुस्लिका म्हणाली, हजच्या फोटोंचे दिवस आहेत. तो म्हणाला, मग करणार कोण? ती जाऊन खुर्चीवर बसली. खुर्ची तिच्या मानाने उंच होती. खाली कशी करायची हे शोधण्यात तिची पहिली सकाळ गेली.

प्रोग्राम कोणता घ्यायचा यावर सगळ्या गल्लीकडे मत होतं. शेजारचा मोबाइल दुरुस्त करणारा म्हणाला, मोठ्या प्रोग्रामची चोरीची प्रत आहे, आत्ता टाकून देतो. मुस्लिकाने नको म्हटलं. मागे तशीच एक प्रत टाकली होती, तिच्याबरोबर आलेल्या व्हायरसने एका शाळेचा पूर्ण वर्ग खाऊन टाकला होता आणि पोरांना पुन्हा रांगेत उभं करावं लागलं होतं. निकेनने व्हिडिओ कॉलवर सांगितलं, “बू, वर्गणीचाच घे. शिकवणारे व्हिडिओ त्याचेच जास्त आहेत. पैसे मी भरते.” कोणी म्हणालं, मोबाइलवरचं फुकटचं अ‍ॅप पुरे. कोणी म्हणालं, संगणकावर उतरवून घ्यायचा एक फुकटचा प्रोग्राम आहे, दिसायला ओबडधोबड, पण त्यात सगळं आहे.

मुस्लिकाने सगळ्यांचं ऐकलं आणि वेगळीकडूनच सुरुवात केली. दुकानात येणारं काम काय, एवढंच तिने स्वतःला विचारलं. मागचा रंग बदलायचा. ठरल्या मापात कापायचं. काळवंडलेला चेहरा थोडा उजळायचा, कपाळावरची चकाकी कमी करायची. एका कागदावर आठ फोटो बसवायचे. आकाशात पक्षी उडवायचे नव्हते, नवरीच्या मागे धबधबा सोडायचा नव्हता. प्रोग्राम हजार गोष्टी करतो याचं तिला कौतुक नव्हतं. या चार-पाच करतो का, आणि तिच्या हाताला जमतील अशा करतो का, ते बघायचं होतं.

परीक्षेसाठी तिने सगळ्यांत अवघड फोटो निवडला. नवऱ्याला पांढरी टोपी घातली आणि पांढऱ्या भिंतीपुढे बसवलं.

मोबाइलचं अ‍ॅप पहिल्याच फेरीत बाद झालं. त्याने न विचारता तास्रिपानच्या सुरकुत्या पुसल्या. तो आरशात आणि मोबाइलमध्ये आळीपाळीने बघत राहिला. “हे ठेवू या,” तो म्हणाला. “ओळखपत्रावर पोलीस पकडतील,” मुस्लिका म्हणाली आणि अ‍ॅप काढून टाकलं.

उरले दोन. वर्गणीचा प्रोग्राम काही दिवस फुकट वापरून बघता येत होता. तो देखणा होता. रंगीत कपडे घातलेला माणूस तो एका बोटाने भिंतीपासून सोडवायचा, केसाच्या बटेसकट. पण जुना संगणक त्याच्या वजनाखाली धापा टाकायचा. फुकटचा प्रोग्राम याच्या उलट. त्याचे मेनू अर्धे इंडोनेशियन, अर्धे इंग्रजी, बटणं बारीक, आणि सगळं हाताने करायचं. तास्रिपानने त्याचं नाव ठेवलं होतं ‘मशिदीतल्या खडावा’. नमाजाआधी हातपाय धुवायच्या, वजूच्या हौदापाशी ठेवलेल्या त्या लाकडी खडावा कुणीही पायात घालाव्यात, मापाच्या कधीच नसतात, खडखड वाजतात, पण पाण्यापर्यंत नेऊन आणतात. वर्गणीच्या प्रोग्रामला तो ‘भाडेकरू’ म्हणायचा.

“भाडेकरू आपण,” मुस्लिकाने त्याला दुरुस्त केलं. “घर त्यांचं. एक महिना भाडं चुकलं की आपणच बाहेर.”

पण तिचंही अजून ठरलं नव्हतं. खडावांवर तिने बरेच घोटाळे केले होते. एकदा तर पाकिटाच्या मापात बारीक केलेला फोटो तिने मूळ फोटोवरच जतन केला. मोठा फोटो गेला तो गेलाच, आणि तास्रिपानला पुन्हा टोपी घालून बसावं लागलं. तेव्हापासून तिने शिस्त लावून घेतली: आधी प्रत, मग हात. पांढऱ्यावरचं पांढरं मात्र दोन्ही प्रोग्रामांना आपोआप दिसत नव्हतं. आज गुरुवार. वर्गणीच्या प्रोग्रामची फुकटची मुदत आज संपत होती, आणि निकेनला संध्याकाळी उत्तर द्यायचं होतं.

साडेसातला शटर पूर्ण वर गेलं आणि पहिलं गिऱ्हाईक आलं. म्बाह सार्मिनी. तिला सगळा बाजार म्बाह, म्हणजे आजीच म्हणतो. ती तेरासी विकते, सुकवून कुटलेल्या कोळंबीच्या वड्या, आणि ती आल्याचं तिच्याआधी तिच्या टोपलीच्या वासावरून कळतं. आज टोपली नव्हती. उजव्या डोळ्यावर पांढरी पट्टी होती आणि हातात स्टुडिओचंच पाकीट होतं.

“पोरी, हा फोटो कोणाचा आहे बघ.”

मुस्लिकाने पाकीट उघडलं. हज ऑफिसला लागतो तसा फोटो, मागे पांढरं, डोक्यावर निळा हिजाब. चेहरा उकडलेल्या अंड्यासारखा गुळगुळीत. सार्मिनीच्या डाव्या गालावर वाटाण्याएवढी चामखीळ आहे. फोटोत ती नव्हती.

“तुमचाच आहे, म्बाह.”

“काल ऑफिसातला साहेब म्हणाला, मुलीचा फोटो कशाला आणलात? मी म्हटलं, मला मुलगी नाही. तो म्हणाला, मग ही कोण?” ती स्टुलावर बसली. “मला तर आवडला होता. म्हाताऱ्याला दाखवला असता, पण तो जाऊन बारा वर्षं झाली.”

तास्रिपानने फोटो हातात घेतला आणि खाली ठेवला. फोटो त्यानेच काढला होता. हजच्या फोटोला मागे पांढरं लागतं, म्हणून बायकांनी पांढरा हिजाब घालू नये, ही सूचना भिंतीवर लावलेली आहे. तरी निम्म्या बायका पांढराच घालून येतात. मक्केला जायचं तर दुसरा कोणता रंग घालणार? सार्मिनीने तर हजच्या अनेक वर्षांच्या रांगेत नाव लागलं त्या दिवशीच घेतलेला हिजाब पेटीतून काढून आणला होता आणि तो उतरवायला ती तयार नव्हती. अशा वेळी तास्रिपान फोटो काढायचा आणि फौझान हिजाबाचा रंग नंतर बदलायचा. हे काम फौझानने शेवटच्या दिवशी, निघायच्या घाईत, मोबाइलच्या अ‍ॅपवर उरकलं होतं. अ‍ॅपने रंग बदलला आणि जाता जाता आजीला तरुण केलं.

आजवर ‘तास्रिपान फोटो’तून गेलेला हजचा एकही फोटो परत आला नव्हता. खेड्यांतली माणसं वाटेतले दोन नवे स्टुडिओ ओलांडून इथे येत, ती तेवढ्यासाठी.

“बसा, पुन्हा काढू,” तास्रिपान म्हणाला.

“हिच्यासकट?” सार्मिनीने पट्टीवर बोट ठेवलं. “मंगळवारी मोतीबिंदू काढला. डॉक्टर म्हणाला, रविवारपर्यंत पट्टीला हात लावलास तर मी तुला ओळखत नाही.”

“फोटोची शेवटची तारीख?” मुस्लिकाने विचारलं.

“आज. तीन वाजता खिडकी बंद.”

“नाहीतर पुढच्या वर्षी बोलावतीलच की,” तास्रिपान धीर द्यायला म्हणाला.

“पुढच्या वर्षी मला कोण बोलावेल ते सांगता येत नाही.”

मुस्लिकाने संगणकातला फोल्डर उघडला. फौझानने सुधारलेला फोटो मूळ फोटोवरच जतन केला होता. तिनेही नेमकी हीच चूक केली होती, त्यामुळे तिला त्याचा राग आला नाही. तिने कॅमेऱ्याकडे बघितलं. तो खिळ्याला लटकत होता.

“पाक, कॅमेऱ्यातलं कार्ड पुसलंत?”

“मला कुठे येतं पुसायला? ते फौझान करायचा.”

“जन्मभर फोटोग्राफर आहात तुम्ही.”

“फोटो काढणारा. पुसणारा नव्हे.”

कार्डावर बालवाडीच्या स्नेहसंमेलनातल्या कोंबड्या आणि फुलपाखरं झालेल्या पोरांच्या आधी सार्मिनी होती. दोन्ही डोळे उघडे, गालावर चामखीळ, कपाळावर उन्हाने पाडलेल्या रेघा. आणि डोक्याभोवती पांढऱ्या भिंतीत विरघळून गेलेला पांढरा हिजाब. कान-गळा झाकलेला एक चेहरा हवेत तरंगत असल्यासारखा दिसत होता.

मुस्लिकाने आधी प्रत केली. मग ऑफिसला फोन लावला आणि नेमकं काय चालेल ते विचारलं. पलीकडच्या साहेबाने सांगितलं, चेहऱ्याला बोट लावायचं नाही. हिजाब हवा त्या रंगाचा करा, पण भिंतीपासून वेगळा दिसला पाहिजे. चेहरा मापाच्या पट्टीत बसला पाहिजे. आणि तीनच्या आत.

तिने वर्गणीचा प्रोग्राम उघडला. व्हिडिओ, नाव, निकेनचं म्हणणं, सगळं त्याच्या बाजूने होतं. बटण दाबलं. त्याने चेहरा सुरेख वेगळा केला आणि हिजाब भिंतीला देऊन टाकला. तिने पुन्हा दाबलं. या वेळी डावा खांदा आला, उजवा गेला. हाताने करायची साधनं त्यातही होती, पण कोणत्या मेनूत हे तिला ठाऊक नव्हतं. ती शोधेपर्यंत पडद्यावर एक चक्र फिरायला लागलं आणि फिरतच राहिलं.

“अडकलं का?” सार्मिनीने विचारलं. ती शेजारून आलेलं लोंतोंग, केळीच्या पानात उकडलेला भात, खात होती.

“अडकलं.”

“माझीच पाळी आली की बरं सगळ्यांना अडकायला सुचतं.”

तास्रिपानने प्लग उपटला. संगणक पुन्हा चालू होईपर्यंत दहा वाजत आले. काउंटरवर दोन शाळकरी पोरी आणि एक होडीवाला येऊन थांबले होते. तास्रिपानने त्यांना बसवून घेतलं आणि काउंटर स्वतः सांभाळला. होडीवाल्याला त्याने जन्मसाल विचारलं, मग काही आठवून कार्डही मागितलं.

मुस्लिकाने खडावा पायात घातल्या.

फुकटच्या प्रोग्राममध्ये कडेने एकेक टिंब ठेवत जायचं साधन आहे. दोन टिंबांमधली रेघ हवी तशी वाकवता येते, आणि रेघ पुरी फिरून आली की आतला भाग सुटा होतो. ते तिला येत होतं. प्रश्न होता टिंब ठेवायचं कुठे. जिथे भिंत संपते आणि कापड सुरू होतं ती कड दिसायला तर हवी. तिने फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. पांढऱ्याशेजारी पांढरं.

ती मागे टेकून बसली. डार्करूममधल्या पहिल्या वर्षी ती एकदा ट्रेसमोर डुलकी लागून उभीच राहिली होती. कागद रसायनात नको तितका वेळ पडून राहिला. उचलला तेव्हा पांढरं सगळं राखाडी झालं होतं आणि नवरदेवाच्या पांढऱ्या सदऱ्याची शिवण न् शिवण उठून दिसत होती. सासरे म्हणाले होते, फोटो जळाला. तो फोटो फेकून दिला.

आता तिने प्रतीचीही एक प्रत केली, ती वरच्या थराला ठेवली आणि तिचा उजेड कमी करत नेला. सार्मिनीचा चेहरा काळवंडला, मग काळाच झाला. भिंत राखाडी झाली. आणि हिजाबाच्या कडेने, डाव्या खांद्यापासून वर, केसाएवढी बारीक सावली चालत गेलेली दिसायला लागली.

“माझा चेहरा का जाळलास?” सार्मिनी एका डोळ्याने बघत म्हणाली.

“परत देते. जरा थांबा.”

टिंब खांद्यावर, टिंब वळणावर. कानापाशी कापडाची घडी आत वळते, तिथे चार टिंबं जवळजवळ. एक चुकून गालावर पडलं, ते मागे घेतलं. हनुवटीखाली सावलीच्या दोन रेघा होत्या. एक कापडाची, एक मानेची. तिथे तिने तास्रिपानला बोलावलं. त्याने चष्मा वर केला, नाक पडद्याला लावलं आणि खालच्या रेघेवर बोट ठेवलं. “ही कापडाची. दिवा मी डावीकडे लावला होता.” टिंब तिथे पडलं. दुपारच्या नमाजाची बांग झाली तेव्हा रेघ फिरून पुन्हा खांद्यावर आली होती.

“रंग कोणता घालू, म्बाह?”

“तेरासीचा घाल,” काउंटरवरून तास्रिपान म्हणाला. “ऑफिसात वासावरून पटेल.”

“जन्मभर तोच अंगावर घेतला, आता मक्केलाही तोच नेऊ? हिरवा घाल पोरी. गडद.”

हिरवा ओतला तो पुठ्ठ्यासारखा बसला. घड्या गेल्या, हिजाबाऐवजी डोक्यावर पाट ठेवल्यासारखं दिसायला लागलं. या टप्प्यावर ती रंगीत कपड्यांवर सराव करताना दोनदा हरली होती. तिसऱ्यांदा तिला एका व्हिडिओत उत्तर मिळालं होतं: रंग वर ओतायचा नाही, खालच्या सावल्यांत मिसळायचा, त्याची एक वेगळी पद्धत निवडावी लागते. अर्ध्या इंग्रजी मेनूत ती वरून चौथ्या गटात होती. तिने निवडली. घड्या परत आल्या, खांद्यावरची, कानाजवळची, हनुवटीखालची. काळवंडलेला थर तिने बंद केला आणि चेहऱ्यावर उजेड आला.

तिने मूळ फोटो शेजारी उघडला. इकडे चामखीळ, तिकडे चामखीळ. कपाळावरच्या रेघा इकडे तितक्याच तिकडे. फरक फक्त हिरव्याचा.

छापलेला कागद प्रिंटरमधून बाहेर आला तो तास्रिपानने खिडकीपाशी नेला. वडिलांचं भिंग ड्रॉवरमधून काढलं. हे भिंग तो फौझानच्या कामावर धरायचा आणि दर वेळी काहीतरी काढायचा, कड खातेय, रंग सांडलाय. आज त्याने भिंग डाव्या खांद्यापासून उजव्यापर्यंत नेलं, हनुवटीखाली थांबवलं, पुन्हा वर आणलं.

“चामखीळ आहे,” तो म्हणाला, आणि भिंग ठेवून दिलं.

मुस्लिकाने फोटो ब्लेडने कापले. हे तिला कुणी शिकवायला नको होतं. तिने सार्मिनीला स्कूटरवर मागे बसवलं, पट्टीवर धूळ जाऊ नये म्हणून हेल्मेटची काच खाली ओढून दिली. दोन वाजून गेले होते. पुलापाशी मिठाचा ट्रक आडवा उभा होता. तिने स्कूटर मासळीबाजारातून घातली, आणि बाजारातल्या बायका ओरडल्या, “म्बाह, कुठे पळवून नेतेय ही तुम्हाला?” सार्मिनी मागून ओरडली, “मक्केला.”

ऑफिसच्या खिडकीपुढे सहा-सात माणसं होती. साहेब तरुण होता, सकाळच्या फोनवरचा आवाज त्याचाच. त्याने फोटो घेतला, त्यावर मापाची पारदर्शक पट्टी ठेवली. हनुवटी खालच्या रेघेवर, माथा वरच्या. पट्टी उचलली. फोटोकडे बघितलं, मग सार्मिनीकडे, मग फोटोतल्या गालाकडे.

“ही कोण?” त्याने विचारलं.

“मीच,” सार्मिनी म्हणाली. “मुलगी घरी ठेवून आले.”

तो हसला, शिक्का उचलला आणि मारला. पावती खिडकीतून बाहेर सरकवताना त्याने मुस्लिकाला विचारलं, “हे मी परत पाठवलेल्या त्याच फोटोवरून केलंत? कुठे करून घेतलं?”

“आमच्याकडेच.”

“तुमचा ऑपरेटर तर गेला म्हणे.”

“गेला,” मुस्लिका म्हणाली. “मी आहे.”

परत येताना सार्मिनीला बाजारातच उतरायचं होतं. उरलेले फोटो तिने मागून घेतले आणि एक तेरासीच्या टोपल्यांवर, दोरीला चिमट्याने लावून टाकला. पाच वाजायच्या आत मुस्लिकाच्या फोनवर सार्मिनीच्या गावाहून निरोप आला. हजला निघालेल्या सात बायका, उद्या सकाळी आठला येऊ का?

संध्याकाळी तास्रिपान नाक्यावरच्या कॉफीच्या टपरीत बसला होता. तिथली पुरुषमंडळी कपात उरलेला कॉफीचा गाळ काडीने सिगारेटवर लावून नक्षी काढतात, तास्रिपानची नक्षी सगळ्यांत बारीक असते. कुणीतरी विचारलं, नवा ऑपरेटर मिळाला म्हणे.

“मिळाला,” तो काडी न उचलता म्हणाला. “पगार मागत नाही. बोलतो मात्र फार.”

निकेनचा कॉल आला तेव्हा मुस्लिका खुर्चीवरच होती. फोटो तिने आधीच पाठवून ठेवला होता. निकेन बराच वेळ तो मोठा करून बघत राहिली.

“बू, हा कशात केलास?”

“खडावांत.”

“म्हणजे फुकटच्यात? मग वर्गणी नको?”

“आत्ता नको. तुझा प्रोग्राम चांगला आहे. रंगीत कपड्यांचं काम त्यात माझ्या निम्म्या वेळात होतं. लग्नाचे अल्बम घ्यायला लागले की भरीन वर्गणी. पण माझ्याकडे येतात पांढऱ्या टोप्या आणि पांढरे हिजाब. ते दोन्हींत हातानेच करायचं, आणि माझा हात याच्यावर बसलाय.”

“मग मी बाजूला ठेवलेल्या पैशांचं काय करू?”

“संगणकाला मेमरी घेऊन दे, दर वेळी तुझ्या बाबांना प्लग उपटावा लागतो. आणि एक चांगला माउस. याचं डावं बटण तिसऱ्यांदा दाबल्यावर ऐकतं.”

“आईसारखंच आहे म्हणजे,” टपरीवरून आलेला तास्रिपान मागून म्हणाला.

“बघ,” मुस्लिका फोनला म्हणाली, “आज यांना डोकं पण आलंय.” तिने सकाळचा टोपीचा फोटो उघडून दाखवला. उजेड कमी करून, कडेने टिंबं ठेवून तो तिने दुपारनंतर पुरा केला होता. टोपी होती, टोपीखाली केस होते, आणि मागे निळा रंग होता, कारण तास्रिपानचं साल सम आहे.

दुकान बंद करताना तिने कार्डावरचे सगळे फोटो संगणकात उतरवले, त्यांची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतली, आणि मगच कार्ड कसं पुसायचं ते तास्रिपानला दाखवलं. त्याने दोनदा करून बघितलं. आरशाशेजारच्या खिळ्याला तिने एक तपकिरी हिजाब इस्त्री करून अडकवला, न ऐकणाऱ्या बायकांसाठी.

उद्या शुक्रवार आहे. ‘तास्रिपान फोटो’ सातला उघडेल, आठला सात बायका येतील, आणि जुम्म्याच्या नमाजासाठी अकरा ते एक शटर खाली राहील.